गाणारी नसलेली कॅसेट

शुक्रवारी सकाळी मी चहाचा कप बाजूला सारून कानात ती पांढरी बोंडकं खोचली, की आमच्या घरातली मंडळी माझ्याशी बोलायच्या भानगडीत पडत नाहीत. बाकीच्या बायका शुक्रवारी जे काही करत असतील ते करोत, माझ्याकडे शुक्रवारी नवा माल येतो. माझा भाचा जगन पुण्याहून पाठवतो आणि वर लिहितो, ‘फूफी, आजची नवी टेकनो. अंडरग्राऊंड हाय, कोणाले सांगू नको.’ सांगणार कोणाला? दारव्ह्याच्या आमच्या गल्लीत जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरणीने पोथी ऐकावी, फार तर जुनी भावगीतं ऐकावीत, अशी लोकांची अपेक्षा असते. शेजारच्या काकूंना तर खात्रीच आहे की मी प्रवचन ऐकते, कारण माझी मान हलते आणि डोळे मिटलेले असतात. त्यांचा गैरसमज मी दूर करत नाही. ज्या संगीतात नट नाही, नटी नाही, गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, नुसता ठोका चालतो आणि त्या ठोक्यात हळूहळू काहीतरी बदलत राहतं, ते मला का आवडतं हे समजावण्यात अर्धी सकाळ जाईल, आणि मग नवा माल ऐकायचा कधी?

हे खूळ मला पुण्यामुंबईकडून लागलेलं नाही. ते बोरी अरबच्या बाजारात लागलं, माझ्या थोरल्या भावाच्या दुकानात. आम्ही बंजारा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले, आणि आमच्यापर्यंत येता येता कापूस, तूर, सोयाबीन आणि एक विहीर एवढ्यावर स्थिरावले. तांडा, म्हणजे आमची वस्ती, गावापासून जरा बाजूला. घरात आम्ही आमची गोरबोली बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावणार आहे, नाहीतर वाचणाऱ्याला दर ओळीला माझ्याकडे यावं लागेल. नाती मात्र आमचीच ठेवते: आईला याडी, भावाला भिया, वहिनीला भोजाई आणि बापाच्या बहिणीला फूफी.

भियाचं दुकान म्हणजे रेकॉर्डिंग सेंटर. तेव्हा लोक कोरी कॅसेट घेऊन येत आणि हवी ती गाणी भरून नेत. लग्नाची, भजनांची, कव्वालीची, आमच्या होळीच्या लेंगी गीतांची. भिया कानाला हेडफोनचा डबा लावून बसे, दोन यंत्रांच्या बटणांवर दोन बोटं, आणि चेहरा असा की आत ऑपरेशन चाललंय. पलीकडे जिनिंग होतं. हंगामात सरकी सुटण्याचा तो घरघर-ठकठक आवाज दिवसभर चाले, आणि बाजारातली माणसं त्याच तालात बोलत, भांडत, भजी खात. मी बारावीनंतर डी.एड.चा नंबर लागायची वाट पाहत होते, म्हणून दुपारी दुकानात बसे. कॅसेटी पुसणं, चिकटलेल्या फिती पेन्सिलीने गुंडाळणं आणि उतरलेले सेल दारातल्या उन्हात मांडणं हे माझं खातं. सेलना ऊन दाखवलं की त्यांच्यात थोडी धुगधुगी येते, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

टेकनो आणली आमच्या फूफीने, वडिलांच्या बहिणीने. ती विजापूरकडच्या तांड्यात दिली होती आणि तिकडच्या बायकांबरोबर हिवाळ्यात गोव्याला जाई. आरसे लावलेल्या पिशव्या, कवड्यांचे पट्टे, चोळीचे तुकडे जोडून केलेल्या चादरी समुद्राच्या वाळूवर मांडायच्या आणि गोऱ्या लोकांना विकायच्या. गोऱ्यांकडचे पैसे आटले की ते वस्तू देत. कोणी चष्मा दिला, कोणी चप्पल. फूफीने एकदा एका पोराकडून पट्ट्याच्या बदल्यात कॅसेटी घेतल्या, कारण माहेरी भाच्याचं कॅसेटचं दुकान आहे हे तिच्या डोक्यात होतं. मग दर होळीला ती यायची ती पेटारा घेऊनच. वरती खोबरं, मध्ये लुगडी, तळाला टेकनो. कॅसेटींवर नाव नाही, चित्र नाही, फार तर कोणीतरी गिचमिड काढलेला बाण. तिच्या भाषेत त्यातली काही ‘औंदाची’ असे आणि काही ‘खोडव्याची’, म्हणजे आधीच्या सालांची. दोन्हींचा भाव तिने वेगळा ठेवला होता. औंदाच्या मालाला गोऱ्यांना आरशांची पिशवी, खोडव्याला नुसता कवड्यांचा गोंडा.

भियाने पहिली कॅसेट ऐकली आणि तो दोन वेळा जेवायला उठला नाही. याडीला वाटलं दात दुखतोय. पुढे त्याने दुकानात दोन फळ्या ठोकल्या, एक ‘नवा माल’, एक ‘जुना माल’, आणि नावं नसलेल्या गाण्यांना आम्हीच नावं ठेवली. ‘थ्रेशर’. ‘मोटर सुरू, पाणी नाई’. खूप गचके खाणाऱ्या एका गाण्याला ‘कळंबचा रस्ता’. गिऱ्हाईक मात्र एकही मिळेना. आमचे वडील, बापू, एकदा दुकानात येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, “हे अंडरग्राऊंड म्हंजे काय असते?”

“जे उघड्यावर विकत नाईत ते,” भिया म्हणाला.

“मंग दुकान कायले टाकलं लेका?”

यावर भियाने एक युक्ती काढली. भजनं भरून झाली की कॅसेटच्या शेवटी थोडी फीत उरायची. ती कोरी कशाला ठेवायची, म्हणून भिया तिच्यात टेकनो भरायचा. कोणाला न सांगता. अशा रीतीने आमच्या आजूबाजूच्या कितीतरी गावांत हरिपाठानंतर, कव्वालीनंतर, मंगलाष्टकांनंतर अंडरग्राऊंड टेकनो पोचली. एक भजनी बुवा तक्रार घेऊन आले. “आरती झाली का घरात जिनिंग सुरू होते. म्हातारी म्हणते कापूस कोणाचा आला?” भियाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “बुवा, फीत गरम झाली का असा आवाज करते. दोन मिनिटं चालू द्या, थंडी होते.” बुवा दर एकादशीला भजनानंतर ती दोन मिनिटं हात जोडून बसत असत, असं नंतर कळलं. जगाला आज ज्याचं कौतुक आहे त्याचे श्रोते आमच्याकडे कधीचेच होते, त्यांना फक्त माहीत नव्हतं.

आता भोजाईचं सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. भोजाईला मूल व्हायला फार वर्षं लागली. आमच्यात ज्या घरी मुलगा होतो त्याची पहिल्या होळीला धुंड करतात. पोराला मांडीवर घेऊन अंगणात बसायचं, त्याच्या डोक्यावर एक काठी आडवी धरायची आणि होळीचे खेळगडी, ज्यांना आम्ही गेरिये म्हणतो, ते नगाऱ्याच्या ठेक्यावर नाचत येऊन त्या काठीवर आपल्या काठ्या वाजवत पोराला आशीर्वाद देतात. ती पहिल्याच होळीला व्हायची. हुकली की हुकली. इतकी वर्षं भोजाईने दुसऱ्यांच्या पोरांच्या धुंडीला चुलीपुढे बसून गुळाची गलवाणी ढवळली होती, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवून, “तुयीही होईन वं,” म्हणाली होती. तो हात तिला नकोसा व्हायचा, हे मला तिच्या आवरून घेतलेल्या खांद्यांवरून कळायचं. आणि मग जगन झाला. त्या होळीला तिने पोरासाठी आरशांची टोपी स्वतः शिवली आणि ती इतक्यांदा काढून पाहिली की आरसे पुसट व्हायची वेळ आली.

ज्याच्या घरी धुंड, त्याच्या अंगणात आदल्या दिवशी तांड्याचा नगारा येतो आणि पोराच्या बापाने तो विस्तवावर शेकून ताणायचा असतो. त्या फाल्गुनात आभाळ आलेलं, कातडं सादळलेलं. भियाने तुराट्या पेटवल्या, नगारा कलता धरला आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवून फूफीची ताजी कॅसेट लावली. मी ओट्यावर लसूण सोलत होते. ज्यांनी टेकनो ऐकली नाही त्यांना सांगते, चांगल्या गाण्यात मध्येच एक वेळ अशी येते की ठोका नाहीसा होतो. नुसती हवा राहते, कुकरची शिटी यायच्या आधी होते तशी. ऐकणारा माणूस तिथे अडकतो. आता येईल, आता येईल. आलाच नाही तर? हे गाणं त्या बाबतीत फारच खट्याळ होतं. भियाचा नगारा फिरवणारा हात थांबला. माझ्या हातातली लसणाची पाकळी थांबली. भियाने डोळे मिटले. तुराट्या मात्र थांबल्या नव्हत्या. आणि ज्या क्षणाला कॅसेटमधला ठोका परत आला, त्याच क्षणाला अंगणात ‘फट्ट’ झालं.

“पाह्य सुमे,” भिया डोळे मिटूनच मला म्हणाला, “कसा आला.”

“आला नाई बाप्पा, गेला,” फूफी म्हणाली. “खाली पाह्य.”

कातडं या काठापासून त्या काठापर्यंत उकललं होतं. आमचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, काठी टेकत आले. त्यांनी नगारा पाहिला, टेप पाहिला, भियाला पाहिलं आणि म्हणाले, “पोराच्या धुंडीचा नगारा बापानंच भाजून खाल्ला.” नगारा मढवणारा दिग्रसला, तो सणासाठी गावी गेलेला. शेजारच्या तांड्यांना आपापला नगारा त्याच सकाळी लागणार, कारण होळी सगळ्यांची एकच. थाळी वाजवणारा होता, पण नुसत्या थाळीवर गेरिये उठत नाहीत. लोक बोलत राहिले.  भोजाई आत गेली, खुंटीवरची आरशांची टोपी काढली, तिची घडी केली आणि पेटीत ठेवून दिली. भियाने ते दारातून पाहिलं. माझा भाऊ तोवर कधी रडला नव्हता असं नाही, पण सगळ्या तांड्यासमोर रडताना मी त्याला तेव्हाच पाहिलं.

फूफी कमरेवर हात देऊन उभी राहिली. “रडून राह्यला त नगारा शिवल्या जाईन काय? ज्यानं फाडला त्यालेच वाजवाले लाव. मशीन आण.”

नायक म्हणाले, “होळीपुढं थे इंजन वाजवतं काय? गाणारी कोण हाय त्याच्यात?”

“गाणारी नाई,” भिया नाक पुसत म्हणाला.

“काहून? आली नाई?”

“असंच असते नायकबापू. त्याच्यात कोणी गातच नाई.”

“अर्धी कॅसेट घेऊन आली ही बाई,” नायक फूफीकडे पाहून म्हणाले. पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. “पाहू मंग,” एवढंच म्हणून ते गेले.

आमच्यात होळी उजाडताना पेटवतात. त्या सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी, तिला जोडलेला दुकानातला अॅम्प्लिफायर, आणि कडुनिंबाला बांधलेला लोखंडी चोंगा, असा भियाचा सरंजाम. वीज नव्हतीच. टेपरेकॉर्डर सेलवर, आणि सेल कोणते, तर मी आदल्या दिवशी अर्धवट उन्हात वाळवलेले. होळी पेटली, नायकांनी नारळ दिला आणि भियाने बटण दाबलं. चोंग्यातून ठोका असा धावत सुटला की कडुनिंबावरचे पोपट उडून गेले. गेरिये नाचायला लागले म्हणण्यापेक्षा पळायला लागले. आमची लेंगीची चाल डुलत जाणारी, आणि हे गाणं एस.टी. चुकलेल्या माणसासारखं. पहिल्याच फेऱ्यात एकाचा फेटा सुटला, त्यावर दुसऱ्याचा पाय पडला, थाळीवाला तर दोन्ही हात वर करून उभा राहिला, मला यातून वगळा म्हणून. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले, आणि मग मला अंगणात बसलेली भोजाई दिसली. मांडीवर जगन. टोपी तिने पेटीतून पुन्हा काढली होती. ती हसत नव्हती.

नायकांनी काठी वर केली. “बंद कर रे थे.”

भियाचं बोट बटणाकडे गेलं. तेवढ्यात घुंगटातून भोजाईचा आवाज आला. नायकांसमोर ती कधी एक शब्द बोललेली नव्हती, आमच्यात सुना बोलतच नसत.

“राहू द्या,” ती म्हणाली.

 नायकांची काठी वरच राहिली. भियाला बटण दाबावं की नाही कळेना. आणि त्या घोटाळ्यात मला ऐकू आलं की गाणं उतरतंय. सेल बसायला लागले होते. भियाने माझ्याकडे असं पाहिलं की मी सूर्याला आदल्या दिवशी पुरेसं बोलावलं नाही हा माझाच गुन्हा. ठोका जड झाला, मग डुलायला लागला, एस.टी. चुकलेला माणूस हळूहळू बैलगाडीच्या चालीवर आला. थाळीवाल्याचा पाय त्याला न विचारता हलला. मग त्याने थाळी उचलली. आणि ते मधलं आलं, ठोका नाहीसा होतो ते. सगळे वाट पाहत उभे. जमली दादी आमच्या तांड्यातली सगळ्यांत जुनी लेंगी म्हणणारी. तिने चोंग्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, “गाणारी आली नाई त वाट कायले पाहून राह्यले? म्या मेली काय?” आणि तिने त्या रिकाम्या जागेत लेंगी उचलली.

ठोका परत आला तो बरोबर तिच्या दुसऱ्या ओळीखाली. कसा आला मला माहीत नाही. समुद्राच्या पलीकडच्या कोणत्या तरी पोराने बंद खोलीत बसून केलेलं ते गाणं, त्याला काय ठाऊक की त्याच्या गाण्यात एवढी मोठी जागा जमलीसाठी राखून ठेवलेली आहे. गेरिये वळले, रांग धरली आणि अंगणात आले. जगनच्या डोक्यावर काठी आडवी झाली आणि काठ्यांवर काठ्या वाजायला लागल्या. सेल उतरतच होते. गाणं हळू झालं तशी जमलीही हळू झाली, ओळ लांबवत गेली, गेरिये गुडघ्यांत वाकून एकेक पाऊल टाकायला लागले, आणि शेवटी चोंगा घोगरा होत होत बंद पडला तरी काठ्या थांबल्या नाहीत. आशीर्वाद पुरा झाला. जगन त्या सगळ्या गदारोळात गाढ झोपला होता. भोजाईने घुंगट जरा वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की मी उगाचच फूफीला चिमटा काढला.

“इंजनाले आपल्या चालीवर याले वेळ लागला,” नायक गलवाणीचा घोट घेत म्हणाले, “पण आलं.”

त्यानंतर दुकानात टेकनोला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं. तांड्यातांड्यांतून लोक ‘धुंडीवाली कॅसेट’ मागायला येऊ लागले. पंचाईत अशी की नव्या सेलवर ती धावत सुटे. मग भिया कॅसेटसोबत उतरलेले सेल देऊ लागला, जपून वापरा असं सांगून. माझं उन्हात वाळवायचं खातं तेव्हा बंद झालं.

पुढे ती मूळ कॅसेट यंत्राने खाल्ली. कॅसेटींचे दिवस गेले, दुकान गेलं, फूफी गेली, जमली दादीही गेली. भिया आता शेती पाहतो. त्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, स्पीकरवर तळहात ठेवला की ठोका तेवढा कळतो. मला याचं वाईट वाटतं आणि हसूही येतं, कारण त्याने आयुष्यभर तेवढंच ऐकलं होतं.

यंदाच्या होळीला जगन तांड्यावर आला तो एक बातमी घेऊन. परदेशातले काही लोक जुना माल शोधून पुन्हा बाहेर काढतात, त्यात त्याला ते गाणं सापडलं होतं. मी त्याला ते इतक्या वेळा तोंडाने वाजवून दाखवलं होतं की चुकणं शक्यच नव्हतं. दुपारी अंगणात त्याने छोटा स्पीकर ठेवला. भिया त्यावर तळहात ठेवून बसला. भोजाई तूर पाखडत होती. गाणं धावत सुटलं.

“हे नाई,” भोजाई सुपातून मान वर न करता म्हणाली.

“याडी, हेच हाय. ओरिजिनल हाय.”

“ओरिजिनल आमच्यापाशी होतं,” मी म्हटलं. “हळू कर.”

त्याने फोनवर बोट ओढलं. अजून, मी म्हटलं. अजून. ठोका जड झाला, डुलायला लागला, आणि भियाने एकदम मान वर केली. त्याच्या तळहाताला ओळख पटली होती. मग ते मधलं आलं. ठोका गेला, नुसती हवा राहिली. जमलीची जागा. आम्ही तिघंही त्या जागेकडे पाहत बसलो, आणि मला वाटलं, जगनला बंद कर म्हणावं.

सुपाचा आवाज थांबला. भोजाईने जमलीची ओळ उचलली. ती कधी चारचौघांत गायली नव्हती. आवाज कापरा होता, सुरुवात चुकली, पण दुसऱ्या ओळीखाली ठोका आला तेव्हा ती बरोबर तिथे होती.

भियाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त आमची तोंडं दिसत होती. “काय झालं वं सुमे?” तो मोठ्याने म्हणाला. “गाणारी आली काय?”

मी त्याचा हात स्पीकरवरून उचलला आणि भोजाईच्या पाठीवर ठेवला. या वेळी भोजाईने खांदे आवरून घेतले नाहीत. ती गात राहिली.